एक मशीन घडवा, वीस छापा: लॅबसाठी डिस्क इमेजिंग

नागपुरात कॉम्प्युटर क्लासची लॅब नव्याने लावायची वेळ बहुधा मे महिन्यातच येते. परीक्षा संपलेल्या असतात, नव्या प्रवेशांना अवकाश असतो आणि बाहेर पारा पंचेचाळिसाच्या घरात असतो. एकेका मशीनवर विंडोज टाकायचं, मग ड्रायव्हर, अपडेट, ऑफिस, मराठी कीबोर्ड, टॅली, प्रिंटर. इंटरनेट कितीही चांगलं असलं तरी एका मशीनला तीन तास जातातच. वीस मशीन म्हणजे साठ तास. पहिली दोन वर्षं मी हे कूलरसमोर बसून केलं, वीस वेळा तेच 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश'. एवढं करूनही चौदाव्या मशीनवर मराठी कीबोर्ड राहिलाय आणि सतराव्यावर तारखेचा फॉरमॅट अमेरिकन आहे, हे पोरांनीच मला बॅच सुरू झाल्यावर सांगितलं.

तिसऱ्या वर्षी इमेजिंगकडे वळलो. एक मशीन मनासारखं तयार करायचं, त्याच्या डिस्कची इमेज घ्यायची आणि ती बाकीच्यांवर उतरवायची. आमच्याकडचे जुने मेकॅनिक याला अजूनही 'घोस्ट मारणं' म्हणतात. घोस्ट हे न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं सॉफ्टवेअर. १९९८ मध्ये सिमॅन्टेकने ते विकत घेतलं, त्याचं नॉर्टन घोस्ट झालं आणि २०१३ मध्ये ते बंदही झालं. शब्द मात्र टिकला. आज हे काम मी क्लोनझिलावर करतो. तैवानच्या राष्ट्रीय हाय-परफॉर्मन्स कॉम्प्युटिंग केंद्रात बनलेलं हे साधन मोफत आहे, मुक्त आहे आणि पेनड्राइव्हवरून चालतं.

सुरुवातीलाच एक सांगतो. इमेज उतरवायला अर्धा तास पुरतो. मास्टर मशीन तयार करायला पूर्ण दिवस लागतो आणि तो द्यावाच लागतो. मास्टरमध्ये एक चूक राहिली तर ती वीस ठिकाणी छापली जाते.

इमेज म्हणजे नेमकं काय

सी ड्राइव्हमधल्या सगळ्या फाइल निवडून दुसऱ्या डिस्कवर कॉपी केल्या तर ती डिस्क बूट होत नाही. मशीन सुरू करणारं छोटं पार्टिशन, पार्टिशनचा तक्ता, लपलेल्या आणि वापरात असलेल्या सिस्टिम फाइल, यातलं बरंच काही साध्या कॉपीत येतच नाही. इमेज डिस्कचा ठसा घेते, सगळ्या पार्टिशनांसकट.

ठसा घेण्याच्या दोन तऱ्हा आहेत. लिनक्समधली डीडी ही जुनी कमांड डिस्कचा प्रत्येक सेक्टर उचलते, भरलेला असो की रिकामा. ५०० जीबीची डिस्क असेल तर ५०० जीबी वाचणार. क्लोनझिलाच्या पोटातलं पार्टक्लोन आधी फाइल सिस्टिमला विचारतं की कुठले ब्लॉक भरलेले आहेत, आणि तेवढेच उचलून दाबून ठेवतं. माझ्या मागच्या मास्टरवर ५८ जीबी भरलेले होते, इमेज झाली २७ जीबीची.

सामान जमवा

एक ८ जीबीचा पेनड्राइव्ह क्लोनझिलासाठी. क्लोनझिलाची आयएसओ फाइल अधिकृत साइटवरून उतरवून रूफस या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर टाका. इमेज ठेवायला यूएसबी ३ ची बाहेरची डिस्क, शक्यतो एसएसडी. पूर्ण लॅबवर एकदम उतरवायचं असेल तर गिगाबिट स्विच. आणि मास्टर मशीनला यूपीएस. मे महिन्यात संध्याकाळी वावटळ सुटली की लाइट जाते, आणि इमेज अर्धी असताना लाइट गेली की पहिल्यापासून सुरू.

मास्टर कोणतं निवडायचं

ज्याची डिस्क सगळ्यात लहान, ते. क्लोनझिला मोठ्या डिस्कची इमेज लहान डिस्कवर उतरवायला नकार देतं, आत भरलेलं कितीही कमी असो. आणि 'लहान' म्हणजे किती लहान, हे वेष्टनावर वाचून कळत नाही. २४० जीबी लिहिलेल्या दोन कंपन्यांच्या एसएसडीत थोड्या सेक्टरांचा फरक असतो आणि तेवढा फरकही पुरतो. एक्स्पर्ट मोडमध्ये डिस्कचा आकार न तपासण्याचा आणि पार्टिशन प्रमाणात बसवण्याचा पर्याय आहे, पण पहिल्यांदाच करताय तर त्या वाटेला जाऊ नका.

दुसरं म्हणजे बूटची, म्हणजे मशीन सुरू होण्याची, पद्धत. यूईएफआय ही नवी, लेगसी बायोस ही जुनी. मास्टर यूईएफआयवर लावलं असेल तर जुन्या लेगसी बायोसच्या मशीनवर ती इमेज उठणार नाही. लॅबमध्ये दोन्ही प्रकार असतील तर दोन मास्टर लागतील. अशा जुन्या मशीनवर तसंही विंडोज ११ बसत नाही, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मी तिथे लिनक्स टाकून मोकळा झालो.

मास्टर घडवताना

विंडोज नव्याने टाका. वापरलेलं मशीन 'साफ करून' मास्टर बनवायचा मोह होतो, करू नका. इन्स्टॉलेशन संपून देश-भाषा विचारणारी पहिली स्क्रीन आली की कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ एकत्र दाबा. मशीन ऑडिट मोडमध्ये जातं, म्हणजे कुठलाही युजर न बनवता तुम्ही आत शिरता. जे काही टाकायचं ते इथेच टाका.

आमच्या यादीत ऑफिस, ब्राउझर, टॅलीप्राइम, मराठी टायपिंगच्या मुलांसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आणि युनिकोड फॉन्ट एवढंच असतं. टॅली शिकवण्यापुरतं हवं असेल तर एज्युकेशनल मोड पुरतो. त्यात महिन्याच्या ठरावीक तारखांनाच, म्हणजे १, २ आणि शेवटी ३१ लाच, नोंदी करता येतात, पण व्हाउचर शिकायला तेवढं भरपूर झालं. क्रॅक शोधत फिरायची गरज नाही.

मास्टरवर काय टाकायचं नाही ही यादी जास्त महत्त्वाची आहे. अँटिव्हायरस, रिमोट सपोर्टची सॉफ्टवेअरं आणि डोंगल किंवा मशीनच्या ओळखीवर चालणारी सॉफ्टवेअरं इमेजमध्ये घेऊ नका. ती इन्स्टॉल होताना मशीनसाठी एक ओळखक्रमांक बनवतात. इमेज उतरली की वीसही मशीन एकाच क्रमांकाने वावरतात. तुम्ही सहाव्या मशीनला रिमोटने जोडायला जाता आणि उघडतं अकरावं.

ब्राउझरमध्ये लॉगिन करू नका, हे मी स्वतःच्या अब्रूच्या किमतीवर शिकलो. एका ड्रायव्हरची लिंक मी स्वतःला ईमेल केली होती, ती उघडायला मास्टरवर लॉगिन केलं आणि तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या बॅचच्या वीस मुलांसमोर वीस स्क्रीनवर माझा इनबॉक्स. विजेचं बिल, भावाचं पत्र, क्लासच्या मालकांशी पगारावरून चाललेलं बोलणं, सगळं. मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "सर, तुमची वाढ तर नाही करून राहिले ते."

इमेज घेण्याआधीची सफाई

अपडेट पूर्ण करून मशीन दोनदा रिस्टार्ट करा. अपडेट अर्धवट असताना घेतलेली इमेज नंतर रडवते. डिस्क क्लीनअप चालवा. मग दोन गोष्टी बंद करा.

एक, हायबरनेशन आणि त्याच्यासोबतचं फास्ट स्टार्टअप. ते चालू असेल तर 'शट डाउन' म्हटल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि क्लोनझिला त्या पार्टिशनला हात लावायला कां-कूं करतं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी कमांडला 'स्लॅश एच ऑफ' जोडा, दोन्ही बंद होतात.

दोन, बिटलॉकर, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट करून कुलूपबंद करणारी विंडोजची सोय. विंडोज ११ बऱ्याच मशीनवर न विचारताच डिस्क एन्क्रिप्ट करतं. सेटिंगमध्ये जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा आणि डिक्रिप्शन संपेपर्यंत थांबा. नाहीतर पार्टक्लोनला भरलेले ब्लॉक ओळखू येत नाहीत, पूर्ण पार्टिशन सेक्टर-सेक्टर उचललं जातं आणि २७ जीबीची इमेज दोनशेच्या वर जाते. इमेज अनपेक्षित मोठी झाली की पहिला संशय याच्यावर घ्या.

कच्ची इमेज, मग सिसप्रेप

सफाई झाली की लगेच एक इमेज घेऊन ठेवा (कशी घ्यायची ते पुढे येतंय). ही कच्ची. पुढच्या पायरीत काही बिघडलं तर इथे परत येता येतं, आणि सहा महिन्यांनी अपडेट घालायचे असतील तेव्हाही हीच उतरवून सुरुवात करायची.

आता सिसप्रेप, म्हणजे क्लोन करण्याआधी विंडोजमधून त्या मशीनची ओळख पुसणारं विंडोजमधलंच साधन. प्रत्येक विंडोजला इन्स्टॉल होताना एक सुरक्षा ओळखक्रमांक मिळतो, एसआयडी. सरळ क्लोन केलं तर तो वीस मशीनवर सारखाच राहतो. यावर मोठा वाद झालेला आहे. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मार्क रुसिनोविच यांनी लिहिलं की सारख्या एसआयडीचा बाऊ विनाकारण केला जातो, आणि एसआयडी बदलणारं स्वतःचंच साधन त्यांनी मागे घेतलं. त्यानंतर अनेकांनी सिसप्रेप सोडून दिलं आणि बरीच वर्षं त्यांचं चाललंही. पण २०२५ च्या ऑगस्टअखेरपासूनच्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्या एसआयडी तपासायला लागल्या, आणि सारखा एसआयडी असलेल्या मशीनचं एकमेकांशी लॉगिन अडायला लागलं. शेअर केलेलं फोल्डर उघडत नाही, पासवर्ड बरोबर असून चूक दाखवतं. मायक्रोसॉफ्टचं अधिकृत म्हणणं पहिल्यापासून एकच होतं: क्लोन करायचं तर सिसप्रेप करा.

विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये सिसप्रेप नावाचं फोल्डर आहे, त्यातला त्याच नावाचा प्रोग्राम चालवा. वरच्या यादीत 'आउट-ऑफ-बॉक्स एक्सपिरियन्स', खाली 'जनरलाइझ'वर टिक, शेवटी 'शटडाउन'. जनरलाइझची टिक विसरलात तर बाकी सगळं व्यर्थ.

सिसप्रेप अडून बसलं तर त्याच फोल्डरमधल्या पँथर या फोल्डरात सेटअपॲक्ट नावाची लॉग फाइल असते. तिच्या तळाशी जा. बहुतेक वेळा स्टोअरमधलं एखादं ॲप एका युजरसाठी इन्स्टॉल झालंय आणि सगळ्यांसाठी नाही, अशी तक्रार असते. ॲपचं नाव तिथेच लिहिलेलं असतं. पॉवरशेलमधून ते काढा आणि पुन्हा चालवा.

मशीन बंद झालं की आता ते विंडोजमध्ये सुरू करायचं नाही. एकदाही नाही. सुरू केलंत की सिसप्रेपने करून ठेवलेली तयारी त्याच मशीनवर खर्च होते. आमच्याकडे मी चहा घ्यायला खाली उतरलो आणि वर आलो तर स्क्रीनवर 'हाय' झळकत होतं. मदतनीस पोरगा म्हणाला, "भाऊ, मशीन बंद पडलं होतं न, म्हणून मी सुरू करून दिलं." कच्ची इमेज होती म्हणून त्याच्यावर ओरडलो नाही. आता सिसप्रेप चालवलं की पॉवर बटनावर चिकटपट्टी लावतो.

इमेज घेणं

पेनड्राइव्ह लावून बूट मेनूतून क्लोनझिला सुरू करा. उठलं नाही तर बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करून पाहा. उठलं पण डिस्कच दिसत नाही, असं झालं तर बायोसमध्ये स्टोरेज, म्हणजे डिस्क हाताळण्याची पद्धत, रेड किंवा व्हीएमडी मोडवर आहे का ते बघा. ते एएचसीआयवर हवं, आणि विंडोज टाकण्याआधीच हवं, नंतर बदललं तर विंडोज उठत नाही.

पुढचा मेनू दिसायला रूक्ष आहे पण क्रम सोपा आहे. 'डिव्हाइस-इमेज' निवडा, मग 'लोकल डेव्ह', म्हणजे इमेज जोडलेल्या डिस्कवर जाणार. आता बाहेरची डिस्क लावा, ती यादीत दिसली की कंट्रोल-सी दाबून पुढे. ती डिस्क निवडा, 'बिगिनर', 'सेव्हडिस्क', इमेजला नाव, मग कोणत्या डिस्कची इमेज घ्यायची ते. नावात तारीख आणि प्रकार टाका. 'फायनल', 'फायनल-नवीन', 'फायनल-खरं' ही मालिका माझ्याकडे होऊन गेली आहे.

डिस्क निवडताना घाई करू नका. इथे सी, डी अशी ओळख नसते. एसडीए, एसडीबी किंवा एनव्हीएमई अशी नावं असतात आणि ती बूटगणिक बदलूही शकतात. समोर लिहिलेला आकार आणि कंपनी वाचूनच एंटर मारा. इमेज घेताना चुकलात तर वेळ जातो. उतरवताना चुकलात तर डिस्क पुसली जाते. म्हणून तर उतरवताना क्लोनझिला दोनदा 'खरंच का?' विचारतं. डीडी तेवढंही विचारत नाही, म्हणून मी ती वापरत नाही.

शेवटी इमेज तपासायची का असं विचारतं, तेव्हा 'हो' म्हणा. दहा मिनिटं जास्त जातील.

मग ती एका, फक्त एका, दुसऱ्या मशीनवर 'रिस्टोअरडिस्क'ने उतरवा. सुरू करा, युजर बनवा, मराठीत एक ओळ टाइप करा, प्रिंट काढा, टॅली उघडा. आवाज येतो का बघा. हे जमल्याशिवाय बाकीच्यांना हात लावू नका.

वीस मशीनवर उतरवणं

पाच-सहा मशीन असतील तर दोन-तीन यूएसबी डिस्क घेऊन एकेक करा, उगाच नेटवर्कच्या भानगडीत पडू नका. वीस असतील तर मल्टिकास्ट. त्यात इमेज नेटवर्कवर एकदाच सोडली जाते आणि सगळी मशीन ती एकाच वेळी झेलतात. २७ जीबी गिगाबिटवर, म्हणजे सेकंदाला साधारण ११० एमबीने, कागदावर चार मिनिटांत जायला हवी. प्रत्यक्षात डिस्कवर लिहिण्याचा वेग आडवा येतो, पण मशीन एक असो की वीस, वेळ जवळपास तोच.

एका मशीनवर क्लोनझिला 'लाइट-सर्व्हर' म्हणून चालवा. स्विचमधून ब्रॉडबँड राउटरची केबल काढून ठेवा आणि आयपी वाटायचं काम क्लोनझिलालाच करू द्या. दोघंही वाटायला लागले की गोंधळ होतो. मल्टिकास्ट निवडा, किती मशीनची वाट पाहायची तो आकडा द्या आणि जास्तीत जास्त किती सेकंद थांबायचं तेही द्या, नाहीतर एक मशीन उठलं नाही म्हणून एकोणीस ताटकळतात. बाकीची मशीन नेटवर्क बूटवर सुरू करा.

पहिल्यांदा आमचं मल्टिकास्ट मुंगीच्या पावलाने चाललं. पाऊण तास झाला तरी संपेना. मल्टिकास्ट सगळ्यात हळू मशीनच्या वेगाने चालतं, हे मला माहीत होतं, पण हळू कोण ते दिसेना. शेवटी स्विचवरचे दिवे बघितले. अठरा हिरवे, दोन पिवळे. त्या दोन केबलींचे कनेक्टर उघडले तर आत आठपैकी चारच तारा क्रिंप केलेल्या. चार तारांवर १०० एमबीपीएस चालतं, गिगाबिटला आठही लागतात. लॅबचं वायरिंग करणाऱ्याने कुठे वाचवलं ते असं कळलं. कनेक्टर बदलले आणि पुढची फेरी तेरा मिनिटांत संपली.

मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा, स्विच असेल आणि मल्टिकास्ट सुरूच होत नसेल तर त्यातलं आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे मल्टिकास्ट कुणाकडे सोडायचं ते ठरवणारं सेटिंग, तपासा. तेही जमत नसेल तर क्लोनझिलात बिटटोरेंटने वाटायचा पर्याय आहे, त्याला स्विचचे लाड लागत नाहीत.

उतरल्यानंतर

प्रत्येक मशीनला वेगळं नाव द्या आणि तेच नाव कॅबिनेटवर मार्करने लिहा. अँटिव्हायरस आणि बाजूला ठेवलेली सॉफ्टवेअरं आता टाका. मोठ्या डिस्कवर उरलेली जागा सी ड्राइव्हला जोडता येत नसेल तर मध्ये रिकव्हरी पार्टिशन अडून बसलेलं असतं. जागेची निकड नसेल तर उरलेल्या जागेचा डी ड्राइव्ह करून टाका.

लिनक्सची इमेज असेल तर सिसप्रेप नाही, पण त्याचे धाकटे भाऊ आहेत. इमेज घेण्याआधी ईटीसी फोल्डरमधली मशीन-आयडी फाइल रिकामी करा आणि एसएसएचच्या, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करण्याच्या सोयीच्या, होस्ट की पुसा. मशीन-आयडी सारखी राहिली तर काही वितरणांत दोन मशीन राउटरकडून एकच आयपी मागून घेतात.

लायसन्सचं थोडक्यात. इमेज घेतल्याने लायसन्स वाढत नाही. मशीनसोबत आलेल्या ओईएम विंडोजची इमेज बनवून सगळीकडे टाकायचा हक्क त्या लायसन्समध्ये नसतो. तो संस्थांसाठीच्या व्हॉल्यूम लायसन्समध्ये असतो. संस्थेने एक व्हॉल्यूम लायसन्स घेतलं तरी, आवृत्ती तीच असेल तर, रीतसर विंडोज असलेल्या बाकीच्या मशीनवर त्याच मीडियाची इमेज टाकता येते. बर्डीच्या बाजारात 'सगळं टाकलेली' तयार इमेज पेनड्राइव्हवर मिळते म्हणतात. आत काय टाकलंय हे बनवणाऱ्यालाच ठाऊक, तुम्ही ती वीस मशीनवर पसरवणार का ते ठरवा.

इमेज कुठे ठेवायची

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदी पात्राबाहेर आली आणि शहराचा मोठा भाग पाण्यात गेला. मी तेव्हा ज्या क्लासचं काम बघत होतो तो तळमजल्यावर. कॅबिनेट जमिनीवर ठेवलेली, पाणी गुडघ्यापर्यंत. सकाळी चिखलात उभं राहून मी आधी कपाट उघडलं. इमेजची डिस्क सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये, व्यवस्थित प्लास्टिकच्या डब्यात, आणि डबा पाण्याने भरलेला.

ऑगस्टमध्ये एका मशीनसाठी मी त्या इमेजची एक प्रत घरच्या डिस्कवर घेतली होती आणि पुसायचा कंटाळा केला होता. मालकांनी दहा-बारा दिवसांत नव्या एसएसडी आणल्या, जी मशीन वाळून सुरू झाली त्यांच्यावर त्या प्रतीवरून एका दुपारीत सगळं उतरवलं.

आता एक प्रत लॅबमध्ये वरच्या फळीवर असते आणि दुसरी घरी, गाद्यांच्या कपाटात. तिच्यावर कागद चिकटवलाय: इमेजची तारीख, ती कोणत्या मशीनची, बूट यूईएफआय की लेगसी, आणि खाली लाल शाईत 'लग्नाचे फोटो टाकायला घेऊ नये'.